मोटारीतील मंद्र ध्वनीची पेटी : तिचे दोष व सुधारणा

शब्द हा आकाशाचा गुण आहे असे नैयायिक व वैशेषिक म्हणतात. आपल्या आचार्यांनी मात्र त्यास पुद्गलाचा पर्याय मानिले. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात ती गणना आहे. शब्द अडविता येतो, भिंतीवर आदळून परततो, म्हणून तो मूर्त होय, असा टीकाकारांचा युक्तिवाद. यावरून आजचे भौतिकशास्त्र पूर्वीच ठाऊक होते असा दावा करण्याचे आमच्या मनात नाही. परंतु ज्यास ध्वनी पेटीत कोंडावयाचा आहे, त्यास ही दृष्टी फार उपयोगी पडते. कारण हवा कोठे अडते आणि कोठून निसटते, एवढाच त्या पेटीचा सारा प्रश्न आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो तो हौसेने नव्हे. कलबुर्गीहून कुंथलगिरीच्या यात्रेस निघालो असता मोटारीत स्तवने लाविली होती. डिकीत नवीन सबवूफर बसविलेला. आळंद ओलांडण्यापूर्वीच मातुःश्री म्हणाल्या, “बाबा, ढोल ऐकू येतो, देवाचे नाव ऐकू येत नाही.” पेटी करून देणाऱ्या दुकानदारांनी याहून मोठा अॅम्प्लिफायर घेण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानिला असता, तर पैसे जाऊन दोष दुप्पट मोठ्याने ऐकू आला असता!

प्रथम पेटी हवी तरी कशास, हे पाहू. कर्ण्याचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. हे दोन्ही परिणाम एकमेकांस भेटले की परस्परांस खाऊन टाकतात. तीव्र स्वरांत हे फारसे होत नाही. पण सेकंदास ४० कंपनांच्या स्वराची एक लहर सुमारे साडेआठ मीटर लांब, म्हणजे मोटारीहून कितीतरी मोठी. ती पडद्यास सहज वळसा घालते. म्हणून मागची हवा कोंडावयाची. मिरजेच्या तंबोऱ्यास भोपळा असतो तो तारेचा नाद खुलविण्यासाठी. तो स्वतः निनादतो. आपल्या पेटीच्या भिंतींनी मात्र मुळीच निनादू नये. हा भेद पुष्कळ कारागीर विसरतात, आणि पातळ प्लायवूडची पेटी ‘गुंजते’ म्हणून तिचीच वाखाणणी करितात.

पेट्या मुख्यतः दोन जातींच्या. पहिली सर्व बाजूंनी बंद. आतील हवा तीत स्प्रिंगचे काम करते. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली या तत्त्वावर लहान पेटीतून खोल स्वर काढून दाखविला. दुसरीस एक नळी असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठराविक स्वरात बोलते, तद्वत ही पेटीही एका स्वरापाशी नळीतून पडद्यास साहाय्य करिते. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ साली मिळाले. तिचे रीतसर गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी व पुढील दशकात रिचर्ड स्मॉल यांनी मांडिले. नळीची पेटी आवाज अधिक देते, परंतु मापात चुकली तर एकच स्वर घुमवीत बसते. आमची पेटी याच रोगाने ग्रासलेली होती.

आता माप. घनफळाचे गणित आपल्या प्रदेशास नवे नाही. मळखेड राजधानी करून राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचिला. त्यात खड्ड्यांच्या घनफळासाठी खातव्यवहार हे प्रकरणच आहे. आमची पेटी बाहेरून ५० × ४० × ३५ सेंटिमीटर, म्हणजे ७० लिटर. कारागिराने हाच आकडा धरून नळी कापली होती. पण तुरीचे पोते तोलताना आपण बारदान वजा करितो की नाही? फळी १८ मिलिमीटर जाड. ती दोन्ही अंगांनी वजा करिता आतील मापे ४६.४ × ३६.४ × ३१.४ उरतात, आणि घनफळ अवघे ५३ लिटर. त्यातून कर्ण्याचा मागील भाग सुमारे २, आडपट्टी १ व नळी ३ लिटर जागा अडविते. निव्वळ माल ४७ लिटर! एकतृतीयांश माल बारदानातच गेला.

३५ कंपनांचा स्वर साधण्यास १० सेंटिमीटर व्यासाची नळी ७० लिटरच्या हिशेबाने २० सेंटिमीटर लांब येते. ४७ लिटरांस ती सुमारे ३४ सेंटिमीटर हवी. आखूड नळीमुळे आमची पेटी ४२ कंपनांच्या आसपास बोलू लागली होती, आणि मोटारीची बंदिस्त जागा मंद्र स्वर मुळातच उचलून धरीत असल्याने तेथे ढोल बडविल्यासारखे होई. नळीचा व्यास साडेसात केला तर १७-१८ सेंटिमीटर लांबी पुरते. मात्र अरुंद नळीतून वारा फुसफुसतो. म्हणून व्यास तोच ठेवून आम्ही नळी बदलली. तिच्या आतील तोंडासमोर निदान व्यासाइतकी मोकळी जागा राखिली. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात हवा तापून ध्वनीचा वेग वाढतो व स्वर किंचित चढतो. पण ४० अंशांसही तो फरक शेकडा तीनच्या आसपास, त्याची चिंता नको.

दुसरा दोष गळतीचा. मंद्र स्वर लावून सांध्यांजवळून पेटती उदबत्ती हळूहळू फिरविली. जेथे धूर हिसके खातो तेथे फट. (गालिचा व कर्ण्याचा पडदा यांपासून विस्तव दूर ठेवावा.) आम्हांस तीन फटी सापडल्या : एक मागील सांध्यात, दुसरी तारा बाहेर येतात तेथे, तिसरी कर्ण्याच्या कडेखाली. सांधे आतून लाकडाच्या भुशात कालविलेल्या फेव्हिकॉलने भरले, कडेखाली फोमची पट्टी घातली. सिलिकॉन वापरल्यास ते पूर्ण सुकेपर्यंत, निदान एक दिवस, कर्णा बसवू नये. त्याची आंबट वाफ आतील भागांस बाधते. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगते, यास्तव कापलेल्या कडांस रंग अवश्य द्यावा.

पेटीच्या सर्वांत मोठ्या भिंतींवर हात ठेवून पाहावे. थरथर लागली तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाकडाची आडपट्टी चिकटवावी, नेमकी मध्यावर नव्हे, थोडी बाजूस. बंद पेटीत पॉलिएस्टरचा पिंजलेला तंतू, लिटरला सुमारे १० ग्रॅम, सैल भरल्यास पेटी जणू किंचित मोठी होते. उशीतील कापूस नको, तो गठ्ठा होऊन बसतो. नळीच्या पेटीत तो भरू नये, फक्त भिंतींस अस्तर लावावे.

आमचे स्पष्ट मत असे की, ज्यांस स्तवने, भजने व रागदारी ऐकावयाची आहे त्यांनी बंद पेटीच करून घ्यावी. काळी एकमध्ये लाविलेल्या तंबोऱ्याचा खर्जही सुमारे ६९ कंपनांचा असतो. त्याखाली धावणाऱ्या नळीचे तेथे काम किती? बंद पेटीत लहानसहान चूक खपते. कर्णा कोणत्या पेटीचा आहे हे त्याच्या पत्रकात दिलेले असते, ते मात्र पाहूनच घ्यावे.

पेटी जागी बसल्यावर छेदक ८० कंपनांपाशी ठेवावा आणि सबवूफरच्या दोन तारा एकदा उलट जोडून ऐकावे. ज्या जोडणीत मंद्र स्वर अधिक भरीव लागतो ती कायम करावी. यास एक पैही लागत नाही, आणि आमच्या गाडीत तर निम्मा फरक यानेच पडला. नंबरपाटीच्या मागे नमद्याची पट्टी लावली तेव्हा डिकीचा खडखडाटही थांबला. परतीच्या वाटेवर मातुःश्रींनी शब्दांबद्दल तक्रार केली नाही; डिकीतील पेटी काढून टाकली काय, एवढेच विचारिले.

एक सूचना आमच्या आडत व दालमिलवाल्या बंधूंस. डिकीत तुरीच्या नमुन्याच्या पिशव्या टाकिताना त्या नळीच्या तोंडाशी वा पडद्यास टेकू देऊ नयेत. पडद्यापुढे लोखंडी जाळी बसवावी. आणि चौदा किलोची रिकामी पेटी, त्यात कर्णा, ही डिकीत सैल ठेवणे धोक्याचे. हुमनाबादच्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला तर ती मागच्या आसनावर येईल. तळाशी पट्ट्या लावून ती बोल्टाने जखडावी.