तलावकाठचा रानचारा : पोषण आणि पथ्य

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा तलावांचा मुलूख म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणकारांनी येथे ठिकठिकाणी तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि १९५० च्या कायद्यान्वये मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाकडे आले. भाताचे सिंचन व मासेमारी यांसाठी या तलावांचे महत्त्व सर्वश्रुत आहे. मात्र पाणी ओसरू लागताच गावची गुरे ज्या हिरवळीकडे वळतात, तिच्या पोषणमूल्याचा विचार क्वचितच केला जातो.

तणसातील उणीव

भातपट्ट्यात उन्हाळ्यातील मुख्य चारा म्हणजे तणस. त्याच्या कोरड्या वजनात प्रथिनांचे प्रमाण अवघे ३ ते ४ टक्के असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव तंतुमय चाऱ्याचे पचन घडवून आणतात. या सूक्ष्मजीवांचे कार्य सुरळीत चालण्यासाठी आहारात सुमारे ७ टक्के प्रथिने आवश्यक असतात. ती न मिळाल्यास पचन मंदावते, जनावर कमी खाते, दूध आटते आणि नांगरणीच्या वेळी बैल थकतो. तेव्हा चारा किती आहे, याबरोबरच तो पचतो किती, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

पाण्यातील प्रथिने

ही उणीव काही अंशी भरून काढणाऱ्या वनस्पती तलावातच आढळतात. नाळीची भाजी ही त्यांतील प्रमुख होय. तिच्या कोवळ्या पाल्याच्या कोरड्या भागात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. उथळ पाण्यातील देवधान व लव्हाळ्याचे कोवळे धुमारेही जनावरे आवडीने खातात; पण ते जून झाले की त्यांतील तंतू वाढतात आणि पोषण घटते. म्हणून कापणी फुलोऱ्यापूर्वी करणे हितावह असते.

मात्र पाणवनस्पतींच्या ताज्या वजनाचा सुमारे नऊ दशांश भाग पाणीच असतो. दहा किलो ताज्या नाळीतून एक किलोच्या आसपास कोरडा चारा मिळतो आणि त्यात सुमारे २०० ग्रॅम प्रथिने असतात. पाच किलो तणसात ही मात्रा १६० ते १८० ग्रॅमपेक्षा अधिक नसते. दोन्ही एकत्र दिल्यास प्रथिनांचे प्रमाण ७ टक्क्यांच्या जवळ पोहोचते. केवळ ताजा पाला पोटभर दिल्यास पोट पाण्यानेच भरते. म्हणून तो तणसासोबत, पूरक म्हणूनच द्यावयाचा.

सारेच हिरवे हितकर नव्हे

तलावाच्या काठी फोफावणारी बेशरम ही नाळीच्याच कुळातील असली तरी विषारी आहे. जनावरे एरवी तिला तोंड लावीत नाहीत. पण टंचाईत शेळ्या ती खाऊ लागतात आणि पुढे त्यांना तिची चटक लागते. मग मान थरथरणे, तोल जाणे, खंगत जाणे अशी लक्षणे दिसतात. पाला वाळविल्यानेही हे विष जात नाही.

जलपर्णीत प्रथिने असली तरी क्षार व ऑक्झलेटचे प्रमाणही अधिक असते. शिवाय सांडपाण्यातील जड धातू ती शोषून घेते. दूषित जलाशयातील जलपर्णी चाऱ्यासाठी कदापि वापरू नये.

तिसरा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. पाणगोगलगायींमधून बाहेर पडणारी यकृतातील पर्णकृमीची पिले पाण्याकाठच्या पानांना कोषरूपाने चिकटतात आणि चाऱ्यावाटे जनावराच्या यकृतात पोहोचतात. रोडावणे, हगवण, जबड्याखाली पाणी साचून येणारी सूज ही त्याची लक्षणे होत. गुरांना दलदलीत मोकाट चरू देण्याऐवजी पाण्याच्या पातळीवरील भाग कापून आणावा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवून तणसात मिसळावा. त्यामुळे धोका बराच कमी होतो. जंतनाशक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

गावाचे काम

या कामी ग्रामपंचायतीचा पुढाकार महत्त्वाचा ठरेल. गाळपेरातील बेशरम पावसाळ्यापूर्वी मुळासकट उपटून काढणे, कापणीचे क्षेत्र व वेळ ठरविणे आणि मच्छिमार संस्थेशी विचारविनिमय करणे, ही कामे गावपातळीवर होऊ शकतात. ज्या पाणवनस्पतींत मासे अंडी घालतात व पक्षी अन्न शोधतात, त्या सरसकट कापून चालणार नाही. काही भाग नेहमी राखून ठेवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तलावावर नेऊन नाळी व बेशरम यांतील फरक दाखविल्यास हे ज्ञान घरोघरी पोहोचेल.

गावातील जुनी माणसे कोणती वनस्पती कोणत्या ऋतूत गुरांना घालावी, हे अनुभवाने जाणतात. त्या अनुभवाला पशुवैद्यकशास्त्राची जोड दिली, तर तलावाचे पाणी आटत असतानाही गोठ्यातील दूध टिकून राहण्यास साहाय्य होईल.