आणखी काय घेता?

काउन्सेलर मॅडमनी माझं हिरवं पुस्तक चाळलं आणि व्हायरल लोडचा रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला. २,३४०. आजवर दर वेळी "विषाणू सापडला नाही" एवढंच लिहून यायचं, आणि एक हजाराच्या वर गेलं की एआरटी सेंटरमधल्या सगळ्यांच्या भुवया चढतात.

"गोळ्या चुकल्या का हो ताई?"

"एकही नाही."

त्यांनी टेबलावर डबी पालथी केली नि बोटानं सारत गोळ्या मोजल्या. हिशेब चोख. मग विचारलं, "आणखी काय घेता?"

"काही नाही."

मी खोटं बोलत नव्हते. माझ्या लेखी ती औषधं नव्हतीच. गुडघ्यासाठी कॅल्शियमची गोळी, ते औषध कसलं? जळजळीसाठी ते गुलाबी पातळ, दोन झाकणं, ते तर घरातलं सगळेच पितात. आणि वन्संनी गावाकडून आणून दिलेली शंखभस्माची पुडी, ती आयुर्वेदिक! मॅडमनी एकेक करून काढून घेतलं. शेवटी विचारलं, "हे सगळं घेता कधी?"

"सकाळी उठल्या उठल्या, एकदमच. म्हणजे विसरायला नको."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी २००९ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. आमच्या मिस्टरांचं आजारपण, माझी तपासणी, ते सगळं इथं सांगत बसत नाही. शिलाईकाम करते, मुलगी लग्न होऊन गेली. एवढ्या वर्षांत एक शिस्त मात्र कसोशीनं पाळली. एआरटी सेंटरचं सेंटरला, बाकीचं बाकीच्यांना. हाडाच्या डॉक्टरांना माझ्या आजाराचं सांगितलं नव्हतं, आणि सेंटरला हाडाच्या डॉक्टरांचं. दोन्ही कप्पे मी वेगळे ठेवले, पण ते एकत्र आले माझ्याच पोटात.

माझी गोळी आता बहुतेकांना मिळते तीच, टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर एकाच गोळीत. यातल्या डोल्युटेग्रॅविरचं कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम यांच्याशी जमत नाही. म्हणजे भांडण होतं असं नव्हे, उलट दोघं गळ्यात गळा घालतात. आतड्यात असा गठ्ठा बांधला जातो की औषध रक्तात पुरेसं शिरत नाही. मॅडमनी आकडे सांगितले तेव्हा मला घाम फुटला. रिकाम्या पोटी कॅल्शियमसोबत घेतली तर रक्तात पोचणारं डोल्युटेग्रॅविर सुमारे ३९ टक्क्यांनी घटतं, लोहाच्या गोळीसोबत ५४ टक्क्यांनी, आणि ते जळजळीचं पातळ सोबत प्यायलं तर ७४ टक्क्यांनी. आणि शंखभस्म म्हणजे तरी काय, कॅल्शियमच. मंडूरभस्म असतं तर लोह. म्हणजे मी रोज गोळी गिळत होते, पण तिच्यातलं निम्म्याहून जास्त वाया जात होतं.

तोडगा ऐकून मात्र हसू आलं, इतका साधा. सकाळी सात वाजता टीएलडी. जळजळीचं पातळ लागलंच, तर गोळीनंतर दोन तासांनी. आधी पोटात गेलं असेल, तर गोळीसाठी सहा तास थांबायचं. कॅल्शियम किंवा लोह दुपारच्या जेवणाबरोबर. ज्यांना वेळा सांभाळणं जमतच नाही, त्यांनी कॅल्शियम-लोहाची गोळी आणि टीएलडी दोन्ही भरल्या पोटी, जेवणासोबत घेतल्या तरी चालतं, कारण जेवणासोबत घेतल्यावर रक्तात पोचणारं औषध फारसं घटत नाही. जळजळीच्या पातळाला मात्र ही सवलत नाही. आणि यातलं काही ऐकून ताटातलं दूध-दही बंद करू नका. माझ्या एका मैत्रिणीनं चहासुद्धा कोरा प्यायला सुरुवात केली होती.

खरं तर खाण्याचा नि गोळीचा संबंध मला आधीच कळायला हवा होता. टीएलडीच्या आधी आम्हाला एफाव्हिरेन्झ असलेली गोळी होती. ती रात्री झोपताना, तेही शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायची. एका होळीला नणंदेकडं तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. वर वाटीभर तूप, आग्रह केवढा. घरी आले, गोळी घेतली, आडवी झाले. रात्री दोनला लघवीला उठले तर जमीन होडीसारखी हललेली. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. पहाटेपर्यंत स्वप्नात शिलाई मशीन आपोआप चालत होतं, कापड संपतच नव्हतं. तुपातुपाच्या जेवणानं त्या गोळीतलं औषध रक्तात नेहमीपेक्षा जास्त उतरतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा जास्त उतरलं, आता कमी. पण एकाची रीत दुसऱ्याला लावता येत नाही, एवढं तरी तेव्हाच डोक्यात शिरायला हवं होतं.

सेंटरच्या रांगेत ओळख झालेले एक रिक्षावाले दादा आहेत. त्यांची गोळी वेगळी, अ‍ॅटाझानाविर. तिला पोटात अन्न लागतं, आम्लही लागतं. दादा मात्र संकष्टीला गोळी रिकाम्या पोटी घ्यायचे, आणि अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल मेडिकलमधून स्वतःच्या मनानं. त्या गोळीनं कधी कधी डोळे पिवळे दिसतात, ती यकृताची कावीळ नसते. शेजाऱ्यांनी मात्र कावीळ ठरवून त्यांना कुणाकडं झाडपाल्याचा रस प्यायला नेलं. त्या रसात काय होतं, हे देणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

उपवासाचं आम्हा बायकांत फार चालतं. टीएलडी घेणारीनं श्रावणी सोमवारी गोळी टाळायचं कारणच नाही, ती पाण्याबरोबर रिकाम्या पोटीही चालते. दारूचं सांगायचं तर माझे एक दीर प्यायले की त्या दिवशी गोळी घेत नसत, "रिअ‍ॅक्शन होईल" म्हणून. दारू वाईट हे खरंच, यकृत खाते, वेळ विसरायला लावते. पण तिच्या भीतीनं गोळी गाळणं त्याहून वाईट. आठवड्यातून तीनदा प्यायचे, म्हणजे तीन दिवस विषाणूला मोकळं रान. हे त्यांना सांगायला घरातलं कुणी धजावलं नाही, मीसुद्धा.

तीन महिने वेळा पाळल्या. पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट यायला लागले ते दिवस मी मशीनवर सरळ शिवण घालू शकले नाही, उसवायचं काम मात्र भरपूर झालं. विषाणू सापडला नाही, असं आलं.

त्यानंतर हाडाच्या डॉक्टरांकडं गेले. पर्समध्ये चिठ्ठी होती, गोळीचं पूर्ण नाव लिहिलेली, मॅडमच्याच अक्षरात. काही अपवाद सोडले तर कायद्यानं माझी गोष्ट माझ्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही, हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आहे, तेही मॅडमनी सांगून ठेवलं होतं. तरी तळहात ओले झाले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. वर पाहिलं नाही. केसपेपरवरचं "सकाळी" खोडून "दुपारी जेवताना" लिहिलं.

मग म्हणाले, "मधुमेहाची गोळी कुणी सुरू केली तर त्यांनाही ही चिठ्ठी दाखवा. मेटफॉर्मिनचा डोस बघावा लागतो."

मी चिठ्ठी घडी घालून परत पर्समध्ये ठेवली, नेहमीसारखी आतल्या चेनच्या कप्प्यात नाही, बाहेरच्या.