हिवाळा, स्थलांतर आणि मनाचे आरोग्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावोगावचे ऊसतोडणी कामगार बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मांजरसुंबा ते केज रस्त्यावरील नेकनूर हे बीड तालुक्यातील मोठे गाव असल्याने तेथील बाजारपेठ हिवाळ्यातही गजबजलेली असते. परंतु आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्या चार-पाच महिन्यांत अनेक घरांना कुलपे दिसतात आणि उरलेल्या घरांच्या ओट्यावर म्हातारी माणसे बसलेली आढळतात. ‘मन लागत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’ हे शब्द याच दिवसांत कानी पडतात आणि बहुधा थंडीवर किंवा वयावर ढकलून सोडून दिले जातात. ही उदासी कशामुळे येते, ती आजार केव्हा ठरते आणि तिच्यावर काय उपाय करता येतात, याची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे अगत्याचे आहे.

ऋतू आणि मन

हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या व उन्हाळा जवळ येताच ओसरणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. डॉ. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतील. तेथील लख्ख उन्हातून उत्तर अमेरिकेत आल्यावर हिवाळ्यात आपलाही उत्साह मावळतो, असा अनुभव त्यांना आला होता. या विकारात झोप वाढते, गोड व पिठूळ पदार्थांची ओढ लागते, थकवा येतो आणि माणूस चारचौघांत मिसळेनासा होतो. सकाळचा प्रकाश डोळ्यांत शिरला म्हणजे शरीरातील घड्याळ जुळते आणि झोपेशी संबंधित असलेल्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. अंधाऱ्या प्रदेशात हे चक्र बिघडते, असे मानले जाते. म्हणून तेथे सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्स प्रकाशाच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार दिला जातो.

नॉर्वेतील ऑस्लो येथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस सहा तासांहूनही लहान असतो. आपल्याकडे बीड परिसरात सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो व आकाश बहुधा निरभ्र असते. तेव्हा आपल्या हिवाळ्यात उन्हाचा तुटवडा नाही. तरीही जो माणूस दिवसभर अंधाऱ्या खोलीत घोंगडी पांघरून पडून राहतो, त्याला या उन्हाचा लाभ होत नाही. घरातील उजेड साधारणपणे काही शे लक्स इतकाच असतो. बाहेर स्वच्छ सकाळी तो १०,००० लक्सच्याही वर सहज जातो. परदेशात ज्यासाठी दिवा विकत घ्यावा लागतो, ते आपल्या अंगणात विनामूल्य मिळते.

रिकाम्या गावाचा हिवाळा

मात्र केवळ ऊन घेऊन हा प्रश्न सुटणारा नाही, कारण आपल्याकडील हिवाळी उदासीचे मूळ बहुधा आकाशात नसून घरात असते. हाताशी असलेली मुले-सुना दूर गेली की वृद्धांचे बोलणे थांबते, एकट्यासाठी चूल पेटवण्याचा कंटाळा येतो आणि संध्याकाळ लांबत जाते. काही घरांत नातवंडांचा सांभाळ थकलेल्या आजीवर येऊन पडतो. ज्या शेतकऱ्याला रब्बीला पाणी देण्यासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहत जागावे लागते, त्याची झोप मोडते. आणि सतत मोडलेली झोप मनाला खचवते. तिकडे फडावर कोपीत राहणाऱ्या जोडप्याला दिवसभर ऊन मिळते, पण विश्रांती मिळत नाही. उचल फिटेल की नाही ही चिंता असते ती वेगळीच. ऋतू एकच असला तरी प्रत्येकाच्या उदासीचे कारण निराळे असते. म्हणून उपायही कारण पाहूनच योजावा लागतो.

आजार कसा ओळखावा

दोन-चार दिवस उदास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहिले, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही आणि त्यासोबत झोप, भूक, उत्साह यांत बदल झाला, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. वृद्ध माणसे मनाचे दुःख पुष्कळदा शरीराच्या भाषेत सांगतात. हातपाय दुखणे, जेवण न जाणे, पहाटे लवकर जाग येणे अशा त्यांच्या तक्रारी असतात. ‘आता वयच झाले’ असे म्हणून त्या टाळणे धोक्याचे आहे. कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागल्यास त्याला शांतपणे, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये आणि घरातील कीटकनाशके कुलूपबंद ठेवावीत.

घरी व गावात काय करता येईल

रोज सकाळी अर्धा तास उघड्यावर चालावे किंवा काम करावे; सूर्याकडे टक लावून मात्र पाहू नये. उठण्या-जेवण्याच्या वेळा ठराविक ठेवाव्यात. परसातील वाफा, शेळीचा चारा असे एखादे झेपेल ते काम वृद्धांकडे जरूर असावे. दारूने उदासी हटत नाही, उलट वाढते. बाहेरगावी गेलेल्या मुलांनी घरी फोन करण्याची वेळ नेमून ठेवावी. वाट पाहण्यालाही त्यामुळे आधार मिळतो.

आपल्या परंपरेत हिवाळा हा माणसे जोडण्याचा काळ आहे. कार्तिकातील काकडआरती माणसाला पहाटे घराबाहेर काढते. पुढे हुरडा येतो, काही भागांत वेळ अमावास्येला शेतात पंगती बसतात आणि मग संक्रांतीचा तिळगूळ येतो. बंकटस्वामी महाराजांमुळे नेकनूरला वारकरी परंपरेचा वारसा लाभला आहे. भजनाला किंवा पंगतीला जाताना शेजारच्या एकट्या वृद्धाला सोबत नेणे ही साधी गोष्ट आहे, पण तिचे मोल मोठे आहे.

उपचाराची सोय

एवढे करूनही उदासी हटली नाही, तर उपचार घ्यावेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे २०१७ च्या कायद्याने मान्य केले आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र विनामूल्य, मराठीतूनही समुपदेशन मिळते. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातील शासकीय उपचारकेंद्रे आहेत. प्रथम गावातील आशा कार्यकर्तीशी किंवा जवळच्या शासकीय दवाखान्याशी बोलले तरी पुढची वाट सापडते. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटताच ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

ऊसतोडणीचा हंगाम आटोपून बिऱ्हाडे परततील, तेव्हा मागे राहिलेली माणसे त्यांना हसतमुखाने सामोरी यावीत, एवढी काळजी या चार-पाच महिन्यांत गावाने घ्यावयास हवी. शेजारचे दार उशिरापर्यंत बंद दिसले तर ते ठोठावून पाहावे. या कामाला कोणत्याही योजनेची मंजुरी लागत नाही.