गर्भवतीचा आहार, पूरक गोळ्या आणि बाळाचा मेंदू

आमच्या हिर्डोशी परिसराला सह्याद्रीतील हिरडा नवा नाही. त्याच्या फळात टॅनिन वर्गातील द्रव्ये विपुल असतात आणि ती प्रबळ प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे आज ज्यांना सर्वत्र ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात त्या प्रकारची आहेत. तरीही भावप्रकाश या ग्रंथाने गर्भवतीस हिरडा वर्ज्य सांगितला आहे. एरवी गुणकारी असलेले द्रव्य गर्भारपणातही हितकर ठरेलच असे नाही. ‘बाळ हुशार व्हावे’ म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात काय, या प्रश्नाचा विचार आपण येथे करू.

समतोल कशासाठी?

पेशी प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते प्रमाणाबाहेर वाढल्यास पेशींचे आवरण व डीएनए यांना इजा पोहोचते. गर्भाच्या मेंदूत मेदाम्ले भरपूर असतात, पण त्याची संरक्षक यंत्रणा अद्याप अपुरी असते. म्हणून त्याला हा धोका अधिक. जीवनसत्त्व क व ई, झिंक, सेलेनियम हे घटक या रेणूंना आवर घालण्यास साहाय्य करतात. परंतु हेच रेणू अल्प प्रमाणात असताना पेशींच्या वाढीचे संदेशही वाहून नेतात. त्यांचा समूळ नाश करणे हे उद्दिष्टच नव्हे.

ब्रिटनमध्ये गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना रोज १००० मिलिग्रॅम क व ४०० एकक ई जीवनसत्त्व देऊन पाहण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अपेक्षित लाभ तर झाला नाहीच, उलट कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण वाढलेले आढळले. गर्भवतींना या गोळ्या सरसकट देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही.

आपल्या जिल्ह्यातील अभ्यास

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला. ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे जन्मतः अधिक सुदृढ होती. मात्र सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. पुढे नऊ वर्षांच्या काही मुलांची चाचणी घेतली, तेव्हा ब-१२ अत्यल्प असलेल्या मातांची मुले अवधान व अल्पकालीन स्मृती यांत मागे पडलेली दिसली. सर्वसाधारण बुद्धिमत्तेत मात्र फरक नव्हता.

त्या अभ्यासातील बाळे किशोरवयात आल्यावर २०१२ मध्ये त्यांच्यावर नवा प्रयोग सुरू झाला. एका गटाला ब-१२, दुसऱ्याला ब-१२ सह अनेक सूक्ष्मपोषके आणि तिसऱ्याला परिणामशून्य गोळी देण्यात आली. पुढे त्यांतील मुलींना झालेल्या बालकांची तपासणी झाली. केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची बालके आकलन व भाषा यांत तिसऱ्या गटाहून सरस ठरली. अनेक सूक्ष्मपोषके घेतलेल्या गटात तसा फरक आढळला नाही. बालकांची संख्या थोडी होती, त्यामुळे हा अंतिम निर्णय मानता येत नाही. तथापि गोळीत घटक जितके अधिक तितका लाभ अधिक, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

आपण काय करावे?

आरोग्य उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मात्र टाळू नयेत. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. त्या चहासोबत घेऊ नयेत, लिंबूपाण्यासोबत घ्याव्यात. जीवनसत्त्व अ अतिरिक्त मात्रेत घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून कोणतीही अधिकची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. भात-नाचणीच्या जोडीला शेवग्याचा पाला, रानभाज्या, आवळा, डाळी असाव्यात. ब-१२ वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, अंडी, मासळी हवी. ते शक्य नसल्यास रक्ततपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गर्भाची चेतानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. अनेकींना तोवर आपण गरोदर असल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ही तयारी लग्नानंतर नव्हे, शाळेच्या वयातच व्हावी लागते. वसतिगृहात आज मुलीच्या ताटात वाढलेली पालेभाजी आणि दुधाचा पेला पुढच्या पिढीच्या मेंदूपर्यंत पोहोचणार आहे. घरी सुटीत गेलेल्या मुलीच्या ताटातही पालकांनी हाच वाटा राखावा, एवढी आमची विनंती आहे.