मुंबई–न्यूयॉर्क : अंतर तेच, खर्च वेगळा

लेकाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जायचं ठरलं की घरात आधी तिकिटाच्या दराचा विषय निघतो. पण अंतर आणि वेळ यांचा हिशेब मांडल्याशिवाय कोणतं तिकीट खरोखर स्वस्त, हे कळत नाही.

अंतर : मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे 12,550 किलोमीटर आहे. लंडनमार्गे गेलात तर जेमतेम 200 किलोमीटर वाढतात, दुबईमार्गे साधारण 400. म्हणजे वाट फारशी वाकडी होत नाही. वाढतो तो विमानतळावर ताटकळण्याचा वेळ.

वेळ : थेट विमानाला जाताना 16 तासांच्या आसपास लागतात, येताना 14 ते साडेचौदा. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून परतीचा प्रवास लवकर आटपतो. एक थांबा असेल तर 19 ते 25 तास धरून चला. तिकिटावर स्थानिक वेळ छापलेली असते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे जुलैत रात्री दीडला सुटलेलं विमान त्याच सकाळी आठच्या सुमारास उतरतं. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

तिकीट : इकॉनॉमीचं जाऊन-येऊन भाडं गर्दी नसताना ढोबळमानाने 80 हजार ते एक लाख रुपये असतं, मे-जून आणि डिसेंबरात ते दीड लाखाच्या घरात जाऊ शकतं. या मार्गावर सहसा 23 किलोच्या दोन बॅगा नेता येतात, पण काही स्वस्त भाड्यांत एकच. भाजणी-मेतकुटाच्या दुसऱ्या बॅगेचे आणि आवडीच्या सीटचे पैसे मिळवूनच दोन दरांची तुलना करा.

थांबा : दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढचं तिकीट वाया जाऊ शकतं. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून निघायचं, असली जोडणी टाळा. अमेरिकेचा वैध व्हिसा असला तरी मधल्या देशाचा ट्रान्झिटचा नियम बुकिंगआधी तपासा. परतीच्या तारखेला तो व्हिसा संपलेला नाही ना, हेही पाहा.

उतरल्यावर : जेएफके विमानतळ ते मॅनहॅटन पिवळ्या टॅक्सीचं ठरावीक भाडं 70 डॉलर आहे. टोल, अधिभार आणि टिप वेगळी.

आता साधा भागाकार करा. थांब्याच्या तिकिटात 12 हजार वाचतात आणि आठ तास जास्त लागतात, तर तासाला दीड हजार रुपये सुटले. तरुणाला हा सौदा परवडेल. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या आईसाठी मात्र थेट विमानच पाहा आणि व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा.