घोडनदीकाठची पांढरी : शिरूर-दौंडच्या शांत परिसराचा अभ्यास

प्रवासाची आवड आपल्या राज्यात वाढत आहे. परंतु प्रवासी बहुधा ठरावीक स्थळांकडेच वळतात. काही गावांत वाहने उभी करावयास जागा उरत नाही, तर त्याच जिल्ह्यातील काही गावांचे नावही शेजारच्या तालुक्यास ठाऊक नसते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील घोड व भीमा या नद्यांचा परिसर हे याचे उत्तम उदाहरण होय. येथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतीपासून यादवकालीन शिल्पापर्यंत आणि रांजणखळग्यांपासून तमाशाच्या फडापर्यंत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. या परिसराची ओळख करून घेणे आणि तो जपण्याची जबाबदारी कोणाकडे येते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

काळी आणि पांढरी

ग्रामीण महाराष्ट्रात जमिनीचे दोन प्रकार पूर्वापार मानले जातात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या माणसे राहिल्याने चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती व हाडे यांचे थरावर थर साचतात आणि पांढरीचे टेकाड तयार होते. पुरातत्त्वज्ञ ज्यास वसाहतीचे टेकाड म्हणतात, ते हेच होय.

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या उजव्या काठावर अशी टेकाडे आहेत. हे स्थळ पुण्याच्या पूर्वेस ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे सुमारे दीड दशक येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी हे काम पाहिले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. राजवाडा किंवा मंदिर न शोधता एका शेतकरी खेड्याचे संपूर्ण जीवन समजून घ्यावे, या हेतूने एवढ्या विस्ताराने झालेले हे देशातील महत्त्वाचे उत्खनन आहे.

मातीतून उलगडलेले खेडे

इनामगावची वसाहत साधारणपणे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील आहे. तिचे तीन टप्पे मानले जातात : माळवा संस्कृती, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव प्रवरा नदीकाठच्या, संगमनेर तालुक्यातील गावावरून आले. तेथील लाल रंगाची, काळ्या नक्षीची, उत्तम भाजलेली व टिचकी मारल्यास खणखणणारी भांडी ही या संस्कृतीची खूण होय.

पूर्व जोर्वे काळात लोक कुडाच्या चौकोनी घरांत राहत. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर आढळले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. ते गावप्रमुखाचे घर असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. पुराचे पाणी वळविणारा पाट आणि दगडमातीचा बांध यांचेही अवशेष मिळाले. पाणी अडविणे, वळविणे व धान्य साठविणे ही कामे एकट्यादुकट्या कुटुंबाची नव्हेत. आज ग्रामपंचायतीकडे असलेल्या कामांची बीजे या खेड्यात दिसतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

जव हे येथील प्रमुख पीक होते. गहू, मसूर, वाटाणा यांसारखी धान्ये आणि बोर, जांभूळ यांसारखी फळेही आहारात होती. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळल्या जात, तसेच हरणांची शिकारही होई. एका मातीच्या पेटीत डोके नसलेली स्त्रीमूर्ती व बैलाची मूर्ती एकत्र ठेवलेली मिळाली. मृत बालकांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांस जोडून घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांना उताणे निजवून पुरताना अनेकदा घोट्याखालचा पायाचा भाग तोडलेला असे. गेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागील भावना असावी, असा तर्क केला जातो. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेल्या स्थितीत पुरलेला एक पुरुषही आढळला.

इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीचा आवाका आटला आणि पशुपालन व शिकार यांवरील भिस्त वाढली. पर्जन्यमान घटल्याने ही अवनती झाली व अखेरीस वस्ती उठली, असे मत उत्खननकर्त्यांनी मांडले आहे. अवर्षणाशी झुंजणाऱ्या शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यास हा इतिहास परका वाटणार नाही.

परिसराची साखळी

इनामगाव पाहताना आसपासची स्थळे एकत्र गुंफल्यास दोन दिवसांची उत्तम अभ्याससहल होऊ शकते. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांपैकी एक असून त्याच्या मंदिराशी थोरल्या माधवराव पेशव्यांचे नाव निगडित आहे. पुढे शिरूर. त्याचे जुने लोकनाम घोडनदी. इंग्रजी अमदानीत येथे लष्करी छावणी होती. १८०९ मध्ये निधन पावलेल्या कर्नल वॉलेस यांच्या येथील समाधीस स्थानिक लोक ‘सत्पुरुष’ म्हणून मान देत आले, ही या भूमीच्या उदार मनाची साक्ष होय.

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या दरम्यान कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. प्रवाहाबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कठीण बेसॉल्ट खडक हजारो वर्षे घासून हे खोल कुंड कोरले. भूगोलाच्या शिक्षकास नदीचे क्षरणकार्य शिकविण्यासाठी याहून चांगला फळा मिळणार नाही. त्याच तालुक्यातील कवठे येमाईस तमाशा व लोकनाट्याची परंपरा आहे. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी येथूनच अनेक फडांसाठी वग, गवळणी व लावण्या लिहिल्या. दौंड तालुक्यातील चौफुला येथे संगीत बारीची परंपरा आढळते.

भीमेच्या काठी, दौंडच्या पलीकडे सिद्धटेकचा सिद्धिविनायक आहे. त्याचा गाभारा अहिल्यादेवी होळकर यांनी बांधविला. भीमेकाठीच श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावच्या किल्ल्यात लक्ष्मी-नारायणाचे कोरीव मंदिर आहे. यवतजवळच्या डोंगरावरील भुलेश्वर मंदिर यादवकालीन शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना असून तेथील स्त्रीवेशातील गणेशमूर्ती अभ्यासकांचे लक्ष वेधून घेते.

इटलीचा धडा

अशा शांत प्रदेशांचे काय करावे, या प्रश्नाला इतर देशांनीही तोंड दिले आहे. इटलीत रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस येथे प्रवाशांची इतकी दाटी होते की, व्हेनिसने २०२४ मध्ये गर्दीच्या दिवसांत दिवसापुरते येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसविले. त्याच देशात मोलीझे, बाझिलिकाता यांसारखे प्रांत मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित होते. बाझिलिकातातील मातेरा येथे माणसे खडकात कोरलेल्या घरांत जनावरांसह राहत. अनारोग्य व दारिद्र्य यांमुळे १९५२ च्या कायद्यान्वये तेथील कुटुंबांना अन्यत्र वसविण्यात आले. परंतु ती घरे पाडली गेली नाहीत. १९९३ मध्ये युनेस्कोने त्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली. जे लाजिरवाणे मानले गेले, तेच जपल्यामुळे पुढे अभिमानाचे झाले.

इटलीने १९८५ मध्ये कृषिपर्यटनाचा कायदा केला. शेतकऱ्याने पाहुणे ठेवावेत, आपल्या शेतातील अन्न त्यांना द्यावे, मात्र त्याचा मुख्य व्यवसाय शेतीच राहावा, हे त्याचे सूत्र आहे. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषिपर्यटन धोरण स्वीकारले. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे मोर पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना शेतकरी कुटुंबे भाकरी-पिठल्याचे जेवण देतात. दिशा तीच आहे.

खरा धोका आणि आपले कर्तव्य

तथापि इनामगावसारख्या स्थळाची अडचण वेगळी आहे. मातीच्या भिंती व कुडाची घरे उघड्यावर टिकत नाहीत. त्यामुळे तेथे लेणी वा किल्ल्याप्रमाणे उभे अवशेष दिसत नाहीत. मिळालेल्या वस्तू पाहावयाच्या तर पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातील एका पाठात इनामगावची माहिती अनेक वर्षे होती. म्हणजे देशभरातील मुलांनी हे नाव पाठ केले. प्रत्यक्ष स्थळी मात्र सांगणारा कोणी नसेल, तर पाहणाऱ्यास टेकाडापलीकडे काही दिसत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पांढरीची माती सकस असते, म्हणून ती काळीत टाकण्याची चाल दख्खनमध्ये जुनी आहे. घोड-भीमेच्या खोऱ्यात अशी अनेक टेकाडे आहेत. पूर्वी बैलगाडीने माती जात असे, आता यंत्राने एका दिवसात टेकाड सपाट होऊ शकते. एका ट्रॉलीतील मातीने उसाचे एक पीक बरे येईल, परंतु तीत गेलेला हजार वर्षांचा पुरावा पुन्हा उभा करता येत नाही.

राज्यघटनेच्या कलम ५१-क अन्वये संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. परंतु खापर व हाड यांना बाजारात मोल नसते, म्हणून त्यांचे रक्षण कायद्यापेक्षा जाणत्या गावावरच अवलंबून असते.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील पांढरीच्या जुन्या टेकाडांची नोंद करून तेथील माती न उचलण्याचा ठराव ग्रामसभेत करावा. नवे टेकाड वा खापरे दिसल्यास तलाठ्यांनी व ग्रामसेवकांनी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास कळवावे. शिक्षकांनी मुलांना प्रथम डेक्कन कॉलेजचे संग्रहालय आणि नंतर नदीकाठ दाखवावा, पण खापरे घरी आणू देऊ नयेत. वस्तू जेथे पडली, तेथेच तिचा अर्थ असतो. स्थळाची माहिती देणारा मराठी फलक आणि गावातील दोन-तीन प्रशिक्षित तरुण एवढ्यानेही येणाऱ्याचे समाधान होईल आणि गावास थोडे उत्पन्न मिळेल.

शांत प्रदेशाची शांतता हे त्याचे भांडवल आहे. ते गर्दीने संपू नये आणि अज्ञानानेही संपू नये. काळी आपल्याला दरवर्षी पीक देते. पांढरीने मात्र आपले पीक एकदाच दिले आहे, आणि ते सांभाळणे आता त्याच मातीवर राहणाऱ्यांच्या हाती आहे.