फुटका बल्ब आणि बंद बटण

होल्डरमध्ये अडकून राहिलेला फुटका बल्ब काढताना माणसे काचेला जपतात, विजेचा प्रश्न मात्र बटण बंद केल्याने मिटला असे धरून चालतात. वायरमनचे काम वर्षानुवर्षे केलेल्यांचा अनुभव याच्या उलट आहे. काचेची जखम बहुधा धुऊन बांधता येते, पण २३० व्होल्टची वीज उघड्या तारेतून हाताला लागली तर ती प्राणावर बेतू शकते.

घरात येणाऱ्या दोन मुख्य तारांपैकी जी वीज आणते ती फेज आणि जिच्यावाटे वीज परत जाते ती न्यूट्रल. बटण फेजवरच असले पाहिजे. परंतु निष्काळजी जोडणीत ते न्यूट्रलवर बसवलेले आढळते, आणि तेव्हा दिवा विझला तरी होल्डरमधील एक खुंट फेजशी जोडलेलाच राहतो. जिन्यातील दिवा वर-खाली अशा दोन बटणांवर चालतो, त्यामुळे बटण पाहून तो चालू की बंद हे कळतच नाही. इन्व्हर्टरचा धोका तर अनेकांच्या लक्षातही येत नाही : मेनची वीज गेली की दिवे चालू ठेवणे हेच त्याचे काम असल्याने, मेन स्विच बंद केल्यावरही तो होल्डरला वीज पुरवत राहू शकतो. म्हणून टेस्टर आधी चालू प्लगमध्ये पेटतो याची खात्री करून, मग मेन व इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत, घरातील सर्वांना तसे सांगावे, आणि बल्बच्या उरलेल्या दोन्ही तारांना टेस्टर टेकवून तो पेटत नाही हे पाहिल्यावरच पुढे जावे.

हे काम दिवसाउजेडी, लाकडी स्टुलावर उभे राहून, चष्मा, जाड हातमोजे व पायात चपला-बूट घालून करावे. पिनच्या बल्बची टोपी होल्डरमधील स्प्रिंगच्या दाबाने खाचेत अडकलेली असते. त्यामुळे निमुळत्या तोंडाच्या पकडीने तिची कडा धरून ती आधी आत दाबावी, मग घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून खाली ओढावी. आट्यांच्या बल्बसाठी सांगितला जाणारा बटाटा खुपसण्याचा उपाय येथे टाळावा, कारण त्याचा रस खुंटांत झिरपतो. न्हाणीघरात किंवा समुद्रकाठच्या घरात टोपी गंजून चिकटली असेल, तर जोर न करता वायरमनकडून होल्डरच बदलून घेणे शहाणपणाचे.

सीएफएल फुटल्यास त्यातील काही मिलिग्रॅम पाऱ्याची वाफ हवेत मिसळते. खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे आणि नंतर झाडू न वापरता तुकडे जाड कागदाने उचलून झाकणाच्या बरणीत भरावेत. २०१६च्या घनकचरा नियमांत सीएफएल हा घातक घरगुती कचरा ठरवला होता, म्हणून ती बरणी वेगळी द्यावी. साध्या बल्बची काचही जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे ठळक लिहूनच सफाई कामगाराच्या हाती द्यावी, ही प्रत्येक घराला कळकळीची विनंती आहे.